पान पाहून दिलेला निकाल

व्हिडिओ गेम या प्रकाराबद्दल माझं मत एका छापील पानावरून बनलं. त्या मतापायी मी घरात बरंच काही मोडून ठेवलं, म्हणून आधी त्या पानाबद्दल सांगतो.

२००६ साल. ‘हिटमॅन: ब्लड मनी’ नावाच्या खेळाची जाहिरात. पलंगावर एक देखणी बाई पहुडलेली, अंगावर मोजके कपडे. पहिल्या नजरेला ती झोपलेली वाटते, मग कपाळात गोळीचं भोक दिसतं. त्याच मालिकेत आणखीही चित्रं होती. एकात चेलोशेजारी गळा चिरलेलं प्रेत, एकात बाथटबमध्ये विजेच्या धक्क्याने मारलेलं माणूस. सगळ्यांवर प्रकाश इतका मऊ पाडलेला की अत्तराची जाहिरात वाटावी. कोपऱ्यात नखाएवढ्या चौकटीत ‘एम’ हे अक्षर, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांसाठी नाही. हे पान मला माझ्या तेरा वर्षांच्या मुलाच्या दप्तरात सापडलं. ते गेमच्या मासिकात छापलेलं होतं आणि ते मासिक दुकानात कुणालाही मिळत होतं.

आम्ही तेव्हा न्यू जर्सीत, एडिसनला राहायचो. १९९९च्या उन्हाळ्यात बायकोच्या नोकरीमुळे अमेरिकेत आलो होतो. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कोलोरॅडोतल्या कोलंबाईन शाळेत दोन मुलांनी बारा विद्यार्थी आणि एका शिक्षकाचा गोळ्या घालून जीव घेतला होता. ती मुलं ‘डूम’ हा गेम खेळायची, हे टीव्हीवर सतत सांगितलं जायचं. परक्या देशात मूल वाढवायचं म्हणजे मनात एक भीती असतेच, पण तिला आकार नसतो. माझ्या भीतीला त्या पानाने आकार दिला. मुलगा हातचा जाणार, तर तो या वाटेने जाणार, असं मी ठरवून टाकलं.

मग मी गेमचा डबा उचलून विकून टाकला. मुलाला एक प्रश्नही विचारला नाही. तो त्यावर गाड्यांच्या शर्यती खेळायचा की फुटबॉल, हेही मला ठाऊक नव्हतं. रविवारच्या मराठी शाळेत पालकांची सभा होती. तिथे ते पान मी सगळ्यांसमोर उंच धरलं आणि म्हणालो, “आपली मुलं घरात बसून हे करतात.” लोक हादरले. दोन-तीन घरांतून गेम बाहेर गेले. मला समाधान वाटलं. मुलगा मागच्या बाकावर बसला होता आणि त्याच्या मित्रांच्या आईवडिलांसमोर मी त्याचंच दप्तर उघडून दाखवत होतो, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

त्यानंतर तो माझ्याशी नीट वागायचा. उलट बोलायचा नाही, अभ्यास करायचा. फक्त त्याला काय आवडतं हे तो मला सांगेनासा झाला. जेवणाच्या टेबलावर शाळा, हवामान, भाजी, एवढंच. या शांततेला मी शिस्त समजत होतो.

माझ्याकडे अज्ञानाचा बहाणा नाही, आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. जाहिरात कशी बनते हे मला पुष्कळांपेक्षा चांगलं माहीत होतं. अमेरिकेत मी एका छापखान्यात प्रीप्रेसचं काम करायचो. त्याआधी, ऐंशीच्या दशकात, पुण्यात एका दैनिकाच्या जाहिरात विभागात पेस्टिंगला होतो. शुक्रवारचं सिनेमाचं पान माझ्याकडे असायचं. वितरकाकडून फोटो यायचे, मजकूर यायचा, जागा कॉलम सेंटिमीटरवर ठरलेली असायची. सिनेमा आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नसायचा. एकदा एका कौटुंबिक चित्रपटाची जाहिरात आली. नायकाच्या हातातलं पिस्तूल मोठं करा, असा वितरकाचा निरोप होता. मी प्रोसेस कॅमेऱ्यावर पिस्तुलाचा भाग वाढवून घेतला, कटरने कापला, रबर सोल्युशनने चिकटवला आणि खाली रक्ताचे तीन थेंब ब्रशने काढले. पुढे तो चित्रपट मी थिएटरात पाहिला. दोन भावांच्या वाटणीची गोष्ट होती. पिस्तूल एकदाच दिसतं, आणि ते उडतही नाही. लोकांना फसवल्याची खंत मला तेव्हा वाटली नव्हती. सिनेमाची जाहिरात वेगळी आणि सिनेमा वेगळा, हे आम्हाला आणि वाचकांनाही ठाऊक असतं, असं मी धरून चाललो होतो.

तोच मी, परक्या देशातल्या परक्या माध्यमाची एक जाहिरात पाहून ते अख्खं माध्यम आत कसं आहे हे सांगत सुटलो होतो.

मे २०१०मध्ये ‘रेड डेड रिडेम्प्शन’ आला. रॉकस्टार कंपनीचा हा खेळ अमेरिकेच्या पश्चिमेतल्या बंदूकबाजांचा. त्याचीही जाहिरात मी पाहिली होती. लालभडक पार्श्वभूमी, रुंद कडांची टोपी, दाढीचे खुंट, रोखलेली बंदूक. चित्र म्हणून उत्तम. जुन्या वेस्टर्न सिनेमांच्या पोस्टरची शैली ज्याने कुणी उचलली, त्याला आपलं काम येत होतं. कोपऱ्यात तीच एमची चौकट. मुलगा सतरा वर्षांचा झाला होता. त्याने स्वतःच्या कमाईतून खेळ आणला, मित्राकडून जुना डबा आणला आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीला जोडला. माझी परवानगी मागितली नाही. मी काही बोललो नाही, पण शेजारी खुर्ची ओढून बसलो. हेतू चांगला नव्हता. मला पुरावा गोळा करायचा होता.

पहिल्या संध्याकाळी पुरावा भरपूर मिळाला. माणसं मरत होती, घोडे मरत होते. पण मधल्या वेळाचं काय करायचं ते मला कळेना. जॉन मार्स्टन नावाचा हा माणूस घोड्यावरून नुसता जात राहतो. बराच वेळ काहीच घडत नाही. साल १९११. त्याने दरोडेखोरी सोडली आहे, त्याला शेती करायची आहे, पण सरकारी माणसांनी त्याची बायको आणि मुलगा ताब्यात घेतले आहेत. जुन्या टोळीतल्या सोबत्यांना तू मार किंवा पकड, मग तुझी माणसं परत मिळतील, असा तो सौदा आहे. एडगर रॉस नावाचा अधिकारी त्याला हे करायला लावतो. पुढे एका ठिकाणी तराफ्यावरून नदी ओलांडताना मोठा गोळीबार होतो. तो संपल्यावर मार्स्टन पलीकडे मेक्सिकोत पोचतो, घोड्यावर बसतो, आणि होसे गोंझालेस या गायकाचं एक हळू, एकाकी गाणं सुरू होतं. मुलाने घोडा पळवला नाही. गाणं संपेपर्यंत चालीचालीने नेला. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने हे का केलं, ते मला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

मी रोज बसू लागलो. पुरावा गोळा करणं कधी थांबलं ते सांगता येणार नाही.

शेवटाकडे एक भाग आहे. जुने साथीदार संपले आहेत, सौदा पुरा झाला आहे, आणि मार्स्टन आपल्या शेतावर परततो. आता मोठी लढाई येणार असं मला वाटलं. आली ती गुरं. गुरं हाकायची, धान्यावरचे कावळे उडवायचे, घोडे माणसाळवायचे. बायको रागावलेली आहे आणि तिचा राग रास्त आहे. मुलगा जॅक वयात येतो आहे. त्याला साहसकथांच्या पुस्तकांचं वेड, आणि बाप घरात नव्हता याचा सल. मार्स्टनला माणसं मारता येतात, पण या मुलाशी काय बोलावं ते येत नाही. तो त्याला शिकारीला घेऊन जातो. वाटेत काहीतरी विचारतो, मुलगा तुटक उत्तर देतो, बाप गप्प होतो, मग पुन्हा काहीतरी विचारतो.

मी खुर्चीत होतो. माझा मुलगा जमिनीवर बसला होता, हातभर अंतरावर. आमच्या टेबलावरचं बोलणं पडद्यावर चाललं होतं.

मग सैन्य येतं. रॉसने दिलेला शब्द पाळायचा नसतोच. मार्स्टन बायकोला आणि जॅकला घोड्यावर बसवून पळवतो आणि स्वतः गोठ्यात मागे राहतो. दाराच्या फटीतून त्याला दिसतं की बाहेर बंदुका घेतलेल्या शिपायांची रांग उभी आहे. तो एक श्वास घेतो आणि दार ढकलतो. त्या क्षणी खेळ तुमच्या हातात येतो. वेळ मंदावतो, शिपायांवर एकेक करून नेम धरता येतो. मुलाने धरला. चार पडले, पाच पडले असतील. मग उरलेल्यांनी झाडलं आणि मार्स्टन गुडघ्यावर आला.

मुलाचे अंगठे अजून बटणांवर होते. तो म्हणाला, “बाबा, यात जिंकताच येत नाही. ठेवलेलंच नाही तसं.”

मी विचारलं, “तुला माहीत होतं?”

“दार उघडलं तेव्हा कळलं.”

“मग नेम का धरलास?”

त्याने थोडा विचार केला. “तो गेला असता तसाच? धरलाच असता ना त्याने.”

इतकी वर्षं मी म्हणत आलो होतो की हे खेळ मुलांना मारण्यात मजा घ्यायला शिकवतात. इथे एक मुलगा एका मरणाऱ्या माणसाच्या जागी उभा राहून, त्याने काय केलं असतं, याचा विचार करत होता. कोणत्या कादंबरीने याहून वेगळं काय केलं असतं? तोच मुलगा ‘पार्टनर’ किंवा ‘बनगरवाडी’ वाचून असं बोलला असता, तर मी पालकसभेत कौतुकाने सांगितलं असतं.

तरीही माझं मन पुरतं फुटलं ते तिथे नव्हे. गोष्ट पुढे जाते. तीन वर्षं उलटतात, जॅक मोठा झालेला असतो, आईही गेलेली असते. खेळणाऱ्याला आता जॅक व्हायचं असतं. रॉस निवृत्त झाला आहे. त्याला शोधून काढायचं की नाही, हे खेळणाऱ्यावर आहे. शोधलंच नाही तरी खेळ अडत नाही. मुलाने शोधलं. रॉसच्या बायकोला भेटला, भावाला भेटला, मग नदीकाठी शिकारीला आलेल्या म्हाताऱ्या रॉससमोर उभा राहिला. द्वंद्व झालं आणि रॉस पडला. जॅक पाठ फिरवून चालू लागला, आणि तेव्हा कुठे पडद्यावर खेळाचं नाव झळकलं.

मी म्हणालो, “झालं. सूड घेतला.” माझ्या आवाजात समाधान होतं. ते मी आजही नाकारत नाही.

मुलाने कंट्रोलर खाली ठेवला. “घेतला. पण बाप मेला तो जॅकनं असं होऊ नये म्हणून. आता जॅकही तसाच झाला. आणि ते मीच केलं, बाबा.”

सतरा वर्षांचा मुलगा हिंसेचा हिशेब मांडत होता आणि पन्नाशी ओलांडलेला बाप सूड पुरा झाला म्हणून सुखावला होता. आमच्या दोघांत संस्काराची गरज कुणाला होती, हा प्रश्न मी त्या रात्री स्वतःला विचारला. माझ्याबद्दल मिळालेलं उत्तर मला आवडलं नाही.

मी गेमचा भक्त झालो असं कुणी समजू नये. याच खेळात एक बक्षीस आहे: बाईला दोरीने बांधायचं, रेल्वेच्या रुळांवर ठेवायचं आणि गाडीखाली ती मरताना पाहायची. तसं केलं की नावावर एक छोटं पदक जमा होतं. जुन्या मूकपटांतल्या खलनायकांची ती नक्कल आहे म्हणतात. मुलाने ते पदक मिळवलेलं होतं. मी विचारलं तेव्हा त्याने लपवलं नाही. म्हणाला, “हो, तेही केलं. हसलो पण.” मला मळमळलं. गोठ्याचं दार आणि रेल्वेचा रूळ एकाच तबकडीत आहेत, एकाच लोकांनी बनवलेले. यातलं एक खरं आणि दुसरं खोटं असं म्हणून मला सुटका करून घेता येत नाही. पण त्या लाल पानावर यांपैकी काहीच नव्हतं. ना बाप, ना रूळ. फक्त टोपी आणि बंदूक.

पुढे या विषयावर मिळेल ते वाचत गेलो, तेव्हा कळलं की पश्चिमेची गोष्ट आणि तिची जाहिरात यांचं नातं पहिल्यापासून असंच आहे. आम्ही ज्या गावात राहायचो त्याला ज्याचं नाव आहे, त्या थॉमस एडिसनच्याच कंपनीने १९०३ साली ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ काढला. पश्चिमेतल्या दरोडेखोरांचा हा गाजलेला मूकपट एडविन पोर्टरने बराचसा न्यू जर्सीतच चित्रित केला. त्यात एक दृश्य आहे: मिशाळ दरोडेखोर सरळ प्रेक्षकांवर पिस्तूल रोखतो आणि झाडतो. गोष्टीशी या दृश्याचा काही संबंध नाही. कंपनीच्या सूचीपत्रात थिएटरवाल्यांना सांगितलं होतं की ते सुरुवातीला लावा किंवा शेवटी, तुमची मर्जी. म्हणजे ते दृश्य मुळातच सुटं होतं, गोष्टीतून काढून दारावर टांगण्याजोगं. मी पुण्यात कटरने कापलेलं पिस्तूल मला आठवलं.

त्याही मागे बफेलो बिल. विल्यम कोडी हा खराखुरा वाटाड्या आणि शिकारी. १८६९ साली नेड बंटलाईनने त्याच्या नावावर एक भडक कथा छापली आणि तो प्रसिद्ध झाला. पुढे कोडी रंगमंचावर स्वतःचीच भूमिका करू लागला. १८८३मध्ये त्याने आपला ‘वाइल्ड वेस्ट’ खेळ काढला, आणि त्याची रंगीत शिळाछाप पोस्टरं अमेरिकेत आणि युरोपात भिंतीभिंतींवर लागली. १८८५च्या हंगामात खुद्द सिटिंग बुल, लाकोटांचा पुढारी, त्या खेळात हिंडला. पाच वर्षांनी, १८९०च्या डिसेंबरात, त्याला अटक करताना ठार मारण्यात आलं, आणि दोनच आठवड्यांत वुंडेड नी इथे शेकडो लाकोटा स्त्रीपुरुष आणि मुलं सैन्याने मारली. भिंतींवर मात्र घोडा, पिसांचा टोप आणि धूर एवढंच राहिलं. हे वाचून मला गेमच्या जाहिरातीचा राग नव्याने आला, पण कारण बदललं होतं. आधी वाटायचं, ही जाहिरात हिंसा दाखवते. आता वाटतं, ती हिंसेतलं दुःख काढून टाकते आणि उरलेलं विकते.

आणि ते कुणाला विकते? २००६मध्ये मी हा प्रश्न विचारायला हवा होता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने सप्टेंबर २०००मध्ये, म्हणजे माझ्या त्या सभेच्या आधीच, एक अहवाल काढला होता. कोलंबाईननंतर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी तो मागवला होता. हिंसेमुळे एम हा शिक्का मिळालेले ११८ खेळ आयोगाने पाहिले. त्यांपैकी ८३ खेळांचा प्रचार सतरा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून होता, आणि ६० खेळांच्या प्रचार आराखड्यांत तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. तेरा ते सोळा वयाची मुलं एकटी दुकानात पाठवली, तर त्यांतल्या ८५ टक्क्यांना असे खेळ विकत मिळाले. एका हाताने चौकटीत ‘सतरा वर्षांखाली नाही’ छापायचं आणि दुसऱ्या हाताने तेच पान तेरा वर्षांच्या मुलाच्या मासिकात लावायचं, ही सोय मोठ्या माणसांनी बैठका घेऊन ठरवलेली होती. या माणसांविरुद्ध मी एक पत्रही लिहिलं नाही. त्यांचा राग मी घरातल्या मुलावर काढला, कारण तो हाताशी होता.

२०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की कॅलिफोर्नियाला अल्पवयीनांना हिंसक गेम विकण्यावर बंदी घालता येणार नाही. गेमलाही पुस्तकांसारखंच अभिव्यक्तीचं संरक्षण आहे. मुलं बिघडवण्याचा हाच आरोप एकेकाळी दहा सेंटवाल्या कादंबऱ्यांवरही झाला होता, याची निकालपत्रात आठवण आहे. २००६मध्ये तो निकाल आला असता, तर मी संतापलो असतो. आज मला तो पटतो, पण जाहिरातीच्या बाबतीत मी तितका उदार नाही. खेळ बनवणाऱ्याने काय बनवावं ते त्याने ठरवावं. एमचा खेळ शाळकरी मुलांच्या मासिकात विकायला मात्र माझा विरोध आहे, आणि हिटमॅनच्या त्या पानाबद्दल माझं मत तसूभरही बदललेलं नाही. त्या बाईचं कपाळ मला अजून दिसतं.

मराठी शाळेच्या एका सभेत मी पुन्हा उभा राहिलो. मुलांचे गेम काढून घेण्याआधी एक संध्याकाळ त्यांच्या शेजारी बसा, आणि चिडायचंच असेल तर मासिकाच्या प्रकाशकाला पत्र लिहा, असं सांगितलं. जुन्यांपैकी एक आई नंतर भेटली. म्हणाली, “तुमचं ऐकून मी तेव्हा मुलाचा गेम फेकला होता. तो वर्षभर माझ्याशी धड बोलला नाही.” मी तिची माफी मागितली. तिने ती स्वीकारली की नाही, मला कळलं नाही.

मुलाशी हे सगळं बोलायला मला आणखी बराच काळ लागला. आता तो तिशी ओलांडून गेला आहे. मी त्याला म्हटलं, जाहिरातीने तुझ्या त्या खेळावर अन्याय केला. गोठा, गुरं, बापलेक यांतलं काहीच तिने दाखवलं नाही.

तो म्हणाला, “पण बाबा, मी तो घेतला जाहिरात बघूनच. गुरांचं चित्र असतं तर मी घेतला असता का? मला बंदूकच हवी होती.”

“आणि मग?”

“मग काय. आत गेल्यावर बाकीचं मिळालं.”

या उत्तराचं काय करायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.